जुन्या ट्रकचा सेल्फ आणि सहाचे बारा व्होल्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यावर सेल्फ, डायनामो आणि आर्मेचर (मोटरच्या आतला फिरणारा भाग) वाइंडिंगची कामं होतात. वडिलांच्या काळात फोर्ड, शेव्हरलेट, डॉज, फार्गो हे रोजचेच ट्रक होते. आता महिन्या-दोन महिन्यांतून एखादा येतो. कुणी आजोबांचा ट्रक वाड्याच्या पडवीतून बाहेर काढलेला असतो, कुणी शूटिंगला भाड्याने देतो, कुणी निव्वळ हौसेने घेतलेला असतो. सहा व्होल्टची वायरिंग बारावर नेली आणि त्यानंतर सेल्फचं दुखणं सुरू झालं, ही तक्रार त्यातल्या बहुतेकांची असते. फोनवर तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवतोय. इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टर मोटरला आपल्याकडे सगळे सेल्फ म्हणतात, मीही तोच शब्द वापरतो.

माझा ट्रक मुळात सहा व्होल्टचा होता का, हे कसं ओळखायचं?

अमेरिकी ट्रक असेल आणि १९५५च्या आधीचा असेल, तर तो सहाचाच धरून चाला. १९५५-५६च्या सुमारास त्या कंपन्या बारा व्होल्टवर गेल्या. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ ते १९५४ चालला, तेव्हा तिथे जोडलेल्या शेव्हरलेट सहाच्या. कुर्ल्याला प्रीमियरमध्ये जोडलेले त्या काळातले डॉज आणि फार्गोही सहाचे. जुन्या विलीज जीपचंही तसंच. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी डिस्पोजलमध्ये विकले गेलेले जीएमसीचे अडीच टनी ट्रकसुद्धा सहाचेच.

बॅटरीवरून ओळखायला जाऊ नका, ती इतक्या वर्षांत दहादा बदललेली असते. सेल्फच्या अंगावरची पितळी किंवा पत्र्याची पट्टी रॉकेलच्या फडक्याने पुसा, तिच्यावर व्होल्ट ठोकलेले असतात. पट्टी गेली असेल तर बॅटरीपासून सेल्फपर्यंतची केबल बघा. करंगळीपेक्षा जाड, कापडी वेष्टणाची केबल असेल तर तो सहाचाच गडी.

सहा व्होल्टवर ट्रक नीट स्टार्ट होत नाही. बारा केले की प्रश्न सुटेल ना?

सेल्फ हळू फिरतो, याचं कारण सहा व्होल्ट हे क्वचितच असतं. ज्या दिवशी हा ट्रक कारखान्यातून निघाला, त्या दिवशी तो सहावरच झटक्यात चालू होत होता. मधल्या सत्तर वर्षांत केबलच्या तारा हिरव्या पडल्या, टोकांचे लग्ज सैल झाले, इंजिन आणि चेसीस यांच्यामधली करंट परत नेणारी अर्थची (अर्थिंगची) पट्टी कुणीतरी काढून ठेवली ती परत लागलीच नाही.

हिशेब करून बघा. इंजिन फिरवताना सेल्फ सुमारे २०० अँपिअर ओढतो असं धरू. केबल आणि जोड मिळून फक्त ०.०१ ओहमचा अडथळा असला, तरी २ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. सहातले दोन गेले, सेल्फच्या हाती चार उरले. तेवढीच ताकद बारा व्होल्टवर द्यायची तर १०० अँपिअर पुरतात, वाटेत १ व्होल्ट जातो आणि ११ उरतात. म्हणून बारा केल्यावर ट्रक जादू झाल्यासारखा उठतो. पण खराब केबल खराबच राहिलेली असते, ती फक्त झाकली जाते.

माझं मत विचाराल तर ट्रक वर्षातून चार वेळा रॅलीला काढायचा असेल तर सहाच ठेवा. नवीन जाड केबल, घासून लख्ख केलेले जोड, इंजिनपासून चेसीसला रुंद अर्थ, एवढं करून बघा. आमच्याकडे आलेल्यांपैकी कित्येकांना त्यानंतर बारा करायची गरजच वाटली नाही. रात्री चालवायचा असेल, हेडलाइट चांगले हवे असतील, तर बारा करणं समजण्यासारखं आहे.

सहाचा जुना सेल्फ बारा व्होल्टवर चालतो का?

चालतो. चालतो म्हणूनच लोक तो तसाच ठेवतात, आणि तिथून पुढे त्रास सुरू होतो.

हा सेल्फ सिरीज मोटरचा आहे. म्हणजे जो करंट फील्ड कॉइलमधून, बॉडीला आतून बसवलेल्या स्थिर गुंडाळ्यांतून, जातो तोच पुढे आर्मेचरमधून जातो. करंट वाढला की फील्डचं चुंबक जोरदार होतं आणि आर्मेचरचंही, म्हणून ताकद दोन्हीकडून वाढते. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी सेल्फ थांबलेला असतो. तेव्हा व्होल्ट दुप्पट दिले तर करंट दुप्पट आणि ताकद कागदावर चौपट. प्रत्यक्षात लोखंडाचं चुंबक एका मर्यादेपुढे वाढत नाही, बॅटरीही दबते, म्हणून पूर्ण चौपट होत नाही. तरी जेवढी होते तेवढी त्या काळच्या दात्यांसाठी आणि स्प्रिंगसाठी फार असते.

मोटरच्या तारा एवढ्यात जळत नाहीत, कारण इंजिन दोन सेकंदांत चालू होतं आणि तापायला वेळच मिळत नाही. आधी तुटतो तो बेंडिक्स, म्हणजे सेल्फचं छोटं दातेरी चाक (पिनियन) इंजिनला जोडणारा भाग. त्याच्या मागोमाग इंजिनच्या फ्लायव्हीलवरची दातेरी रिंग जाते. इंजिन ट्यून नसेल आणि तुम्ही अर्धा अर्धा मिनिट सेल्फ मारत बसलात, तर मात्र आर्मेचरच्या जोडांवरचा झाळ (सोल्डर) वितळून उडतो.

बेंडिक्स नेमका का तुटतो? आमच्याकडे तर नवीन बसवला होता.

बेंडिक्सची रचना समजून घ्या. आर्मेचरच्या शाफ्टवर पेचाची नळी असते, तिच्यावर पिनियन बसलेलं असतं. मोटर एकदम फिरते, पिनियन जड असल्यामुळे मागे राहतं आणि पेचावरून सरकत जाऊन रिंगमध्ये घुसतं. घुसल्यावर जो धक्का बसतो तो झेलायला एक जाड गुंडाळी स्प्रिंग आहे. सहा व्होल्टवर ही सगळी हालचाल बेताची असते. बारावर पिनियन रिंगवर अक्षरशः आदळतं.

मुरबाडकडचा एक फोर्ड व्ही-आठ ट्रक आमच्याकडे आला होता. बारा व्होल्टचं काम दुसऱ्या गॅरेजमध्ये झालेलं होतं. मालक, साठीचे गृहस्थ, सेल्फ पोत्यात गुंडाळून घेऊन आले. म्हणाले, "दादा, आधी 'खाट्' असा आवाज यायचा, मग 'खर्रर्र' यायला लागला, आणि काल नुसताच गुणगुणतोय." मी सेल्फ टेबलावर उभा केला. स्प्रिंग मधोमध दोन तुकडे झालेली होती आणि तुटलेलं टोक इतकं चकचकीत घासलेलं होतं की ती तुटूनही बरेच दिवस फिरत असणार. पिनियनच्या नऊ दात्यांपैकी तिघांची टोकं उडालेली होती. मागचा पत्र्याचा पट्टा काढला, तर आतल्या बाजूला झाळाचे बारीक थेंब एका रेषेत, गोल कडं काढल्यासारखे चिकटलेले. कम्युटेटरच्या, म्हणजे आर्मेचरच्या टोकाला असलेल्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याच्या, जोडांतला झाळ वितळून फिरताना बाहेर फेकला गेला होता. तुटलेल्या बेंडिक्सवर मालक बटण दाबत राहिले, मोटर मोकळी सुसाट फिरत राहिली, आणि आर्मेचर गेलं. त्या गॅरेजने व्होल्ट बदलले, बल्ब बदलले, हॉर्न बदलला. सेल्फ खाली उतरवून एकदा बघितला असता तर तीनशे ग्रॅमच्या स्प्रिंगवर काम भागलं असतं. हे सांगताना आजही मला हळहळ वाटते, कारण ते मूळ आर्मेचर होतं, त्यावर कधी कुणी हात घातलेला नव्हता.

पायाने दाबायच्या लिव्हरचा सेल्फ असेल, जसा जुन्या शेव्हरलेट ट्रकना असतो, तर धोका कमी. तिथे लिव्हर आधी पिनियन रिंगमध्ये सरकवते आणि मग स्विच लागतो. फक्त पाय हळू, पण शेवटपर्यंत दाबा. अर्धवट दाबून सोडण्याची सवय दाते खाते.

बारा केल्यावर सेल्फ उलटा फिरेल का? आमचा ट्रक पॉझिटिव्ह अर्थचा आहे, म्हणजे बॅटरीचा प्लस चेसीसला जोडलेला, आणि आता निगेटिव्ह अर्थ करणार आहोत.

नाही. फील्ड आणि आर्मेचर दोन्हींची दिशा एकदम बदलते, म्हणून फिरणं त्याच दिशेने राहतं. उलटा फिरेल तो कायमच्या चुंबकाचा नवीन सेल्फ, तुमचा तसला नाही. मात्र अल्टरनेटर बसवला असेल तर बॅटरी उलटी लावायची चूक करू नका, त्याचे डायोड क्षणात जातात. अँपिअर मीटरच्या दोन तारा अदलाबदल कराव्या लागतील आणि इग्निशन कॉइलच्या बारीक तारांच्या जोडण्याही.

सोलेनॉइड बदलायलाच हवा का?

हो. याबद्दल मी कुणाशी वाद घालत नाही.

सोलेनॉइड म्हणजे बटण दाबल्यावर सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच. सहाच्या सोलेनॉइडची कॉइल बारावर दुप्पट करंट घेते, म्हणजे चौपट तापते. शिवाय आतला तांब्याचा तुकडा इतक्या जोरात आपटतो की कधीतरी तिथेच चिकटतो. चिकटला की तुम्ही बटण सोडलं तरी सेल्फ फिरतच राहतो. अशा वेळी चावी बंद करून उपयोग नसतो, बॅटरीचं टर्मिनलच उपटावं लागतं. म्हणून जुन्या ट्रकला बॅटरीजवळ हाताने फिरवायचा कटऑफ स्विच लावून घ्या. पायाच्या स्विचचा ट्रक असेल तर त्यात कॉइलच नसते, तिथे फक्त तांब्याचे संपर्क घासून साफ करायचे.

सेल्फपुरते सहा आणि बाकी सगळं बारा, असं करता येईल का? दोन सहाच्या बॅटऱ्या आहेत माझ्याकडे.

करता येतं, पण करू नका. दोन सहाच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या आणि सेल्फ एकीवरच चालवला, तर ती रोज जास्त खाली होते आणि दुसरी भरलेलीच असते. चार्जिंग दोघींना सारखंच मिळतं. एक उपाशी राहते, दुसरीचं पाणी उकळून आटतं. वर्षभरात दोन्ही टाकून द्याव्या लागतात.

सेल्फच्या वाटेत रेझिस्टन्स लावायची कल्पनाही काही जण आणतात. दोनशे अँपिअरला पुरेल असा रेझिस्टन्स म्हणजे शेगडीच झाली. बल्ब आणि मीटरसाठी तो प्रकार ठीक आहे, सेल्फसाठी नाही.

मग सेल्फ पूर्णपणे बाराचा करून मिळतो का?

अर्ध्या वाटेपर्यंत सहज मिळतो, आणि बहुतेकांना तेवढं पुरतं.

आत चार फील्ड कॉइल असतात. सहाच्या अनेक सेल्फमध्ये त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या समांतर जोडलेल्या असतात, म्हणजे करंट दोन वाटांनी विभागून जातो. त्या चारही एका रांगेत जोडल्या की फील्डचा रेझिस्टन्स चौपट होतो. बारावर तेवढ्याच कामासाठी करंट निम्मा लागतो, म्हणून प्रत्येक कॉइलमधून पूर्वीइतकाच करंट जातो. सुरुवातीची धडक बरीच मवाळ होते आणि बेंडिक्स वाचतो. आर्मेचर मात्र सहाचंच राहतं. त्याच्या खाचेत एकेक जाड तांब्याची पट्टी असते, तिथे दुप्पट वेढे बसवणं जिकिरीचं काम आहे. आर्मेचर शाबूत असेल तर मी मालकांना ते भरायला लावत नाही.

हे काम करून घेताना एक बघा. कॉइलवरचं जुनं सुती कापड बोट लावताच भुगा होतं. वाइंडिंगवाल्याने फक्त जोड बदलून दिले आणि कापड तसंच ठेवलं, तर पहिल्याच पावसाळ्यात कॉइल बॉडीला अर्थ होते. नवी टेप, वॉर्निश आणि भट्टीत सुकवणं, हे तिन्ही झालेलं डोळ्यांनी बघा.

सेल्फ उघडल्यावर तुम्ही काय काय तपासता?

उघडायच्या आधीच अर्ध्या गोष्टी कळतात. शाफ्ट बोटांनी वरखाली हलवून बघायचा. खडखडला तर बुश, म्हणजे शाफ्ट ज्यांत फिरतो त्या पितळी नळ्या, गेले. बुश गेलेल्या सेल्फमध्ये आर्मेचर एका बाजूला झुकतं आणि फील्ड कॉइलच्या पोलच्या लोखंडाला घासतं. उघडल्यावर त्याच्या अंगावर चकचकीत ओरखड्याचा पट्टा दिसतो. असा सेल्फ थंड असताना चालतो आणि गरम झाला की अडतो. लोक बॅटरीला दोष देतात. नवे पितळी बुश टर्नरकडून करून घेतो, ते रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवतो आणि मगच दाबून बसवतो.

मग कार्बन, म्हणजे कम्युटेटरवर घासत करंट देणारे ब्रश. मूळ लांबीच्या निम्म्याहून कमी उरले की बदलायचे, चारही एकदम. सहाच्या सेल्फचे कार्बन तांबं मिसळलेले, लालसर असतात. त्या जागी नुसता काळा कार्बन घासून बसवू नका, तो एवढा करंट वाहून नेत नाही. स्प्रिंग निळी पडली असेल तर ती तापून मेलेली आहे, तीही बदला.

कम्युटेटर लेथवर हलका घासून घ्यायचा, तेवढाच जेवढा गोल होईल. त्याच्या तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक सुमारे पाऊण मिलिमीटर खाली कोरायचा. मी अजून हॅकसॉ ब्लेडच्या घासलेल्या तुकड्याने एकेक खाच कोरतो. वडिलांनी शिकवलं तसंच, तांब्याची कड न दुखवता. शेवटी काच-पेपर फिरवायचा, एमरी पेपर अजिबात नाही. एमरीचे कण खाचेत रुततात.

आर्मेचर ग्राउलरवर (आर्मेचर तपासायच्या विद्युतचुंबकावर) ठेवून वरून हॅकसॉचं पातं फिरवतो. एखाद्या खाचेवर पातं थरथरलं की तिथली कॉइल शॉर्ट. फील्डसाठी सिरीज लॅम्प (वाटेत दिवा जोडलेली तपासणीची तार), एक टोक कॉइलला, एक बॉडीला. दिवा मिणमिणला तरी ती कॉइल उतरवायची.

बेंडिक्सचा पेच रॉकेलने धुवायचा आणि कोरडा ठेवायचा. त्यावर ग्रीस लावू नका. फ्लायव्हीलच्या घरात क्लचची धूळ उडत असते, ती ग्रीसमध्ये बसते आणि पिनियन अर्ध्यावर अडकतं. "घट्ट झालाय म्हणून भरपूर ग्रीस भरलं" असं सांगत आलेले सेल्फ मी इतके धुतलेत की मोजणं सोडून दिलंय.

दुरुस्त झालेला सेल्फ घरी बॅटरीवर फिरवून बघू का?

सहाच्या बॅटरीवर, दोन-तीन सेकंद, शिकंज्यात घट्ट धरून. बाराच्या बॅटरीवर मोकळा फिरवू नका. सिरीज मोटरवर भार नसला की तिचा वेग वाढतच जातो. शिकत असताना मी एक आर्मेचर बारावर लावून आवाज ऐकत उभा राहिलो होतो. खाचेतली पट्टी बाहेर आली, पोलला अडकली आणि सेल्फ शिकंज्यासकट टेबलावरून उडाला. माझ्या मनगटावर त्याचा व्रण आहे. त्यानंतर गाळ्यावर कुणालाही मी तसं करू देत नाही.

थंड असताना मस्त घेतो, गायमुखचा चढ चढून थांबलो की घेत नाही. का?

बुश घट्ट आहेत का, इग्निशन फार पुढे आहे का, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडते का, हे आधी बघा. पुढे असेल तर इंजिन सेल्फला उलटा धक्का देतं. नंतर मीटर घ्या. एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने मीटरचं एक टोक बॅटरीच्या पोलवर आणि दुसरं सेल्फच्या बोल्टवर धरायचं. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर त्या केबलमध्ये किंवा जोडात दोष आहे. तसंच अर्थच्या बाजूला, बॅटरीचा अर्थचा पोल आणि सेल्फची बॉडी. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, आणि निम्मे "खराब" सेल्फ इथेच निर्दोष सुटतात. सेल्फ मारताना बाराची बॅटरी साडेनऊच्या खाली जात असेल तर दोष बॅटरीत किंवा अडकलेल्या सेल्फमध्ये शोधा.

एखाद्या जागी सेल्फ दात पकडतच नाही, गाडी ढकलली की पकडतो.

फ्लायव्हीलची रिंग त्या जागी झिजली आहे. इंजिन बंद होताना दरवेळी ठरावीक ठिकाणीच थांबतं, चार सिलिंडरचं दोन ठिकाणी, सहा सिलिंडरचं तीन. सगळा मार तिथल्या दात्यांनाच बसतो. गिअरबॉक्स उतरवायचाच असेल तर रिंग तापवून काढा, फिरवून नव्या जागी बसवा. दात्यांची उतरती कड सेल्फच्या बाजूला आली पाहिजे. वेल्डिंगने दाते भरून घेऊ नका, ते टिकत नाहीत.

कळंबोलीला बॅटरी उतरली. शेजारच्या ट्रकवरून जंप घेऊ का?

थांबा. स्टील मार्केटमध्ये किंवा तुर्भ्याला जे मोठे ट्रक उभे असतात ते २४ व्होल्टचे असतात, त्यांत बाराच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडलेल्या असतात. ड्रायव्हर चांगल्या मनाने दोन टोकांना केबल लावून देतो आणि तुमच्या सहाच्या सेल्फला चौपट व्होल्ट मिळतात. घ्यायचाच तर त्याच्या एकाच बॅटरीवरून घ्या, जिचा निगेटिव्ह थेट चेसीसला गेलाय तिच्यावरून. तुमचा ट्रक पॉझिटिव्ह अर्थचा असेल तर दोन्ही गाड्यांचं लोखंड एकमेकांना टेकता कामा नये.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

ठाण्याच्या खाडीकडची हवा खारट, त्यात चार महिने ओल. ट्रक उभा असेल तरी पंधरा दिवसांतून एकदा सेल्फ मारा, कार्बन चिकटत नाहीत. पाण्यातून गाडी गेली असेल तर सेल्फ उतरवून वाळवा. टर्मिनलला व्हॅसलीन लावा, जोड घट्ट केल्यानंतर, आधी नाही.

पार्ट मिळतात का?

बेंडिक्सची स्प्रिंग आणि जुने पिनियन कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि चोरबाजारात शोधल्यावर मिळतात. पिनियन घेताना दाते मोजा आणि आपला जुना सोबत न्या. बुश, कार्बन, कॉइल इथेच होतात. तुटलेलं मूळ काहीही फेकून देऊ नका, नमुना तोच असतो.

विंटेज नोंदणीला बारा व्होल्ट आड येतात का?

२०२१च्या केंद्रीय नियमांत ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात ठेवलेली, धंद्यासाठी न वापरलेली दुचाकी-चारचाकी वाहनं विंटेज धरली आहेत. चेसीस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. वायरिंगला हात घालण्याआधी गाडीच्या कागदांसह एमएच-०४ असो वा एमएच-४३, आपल्या आरटीओत विचारून घ्या. काढलेला मूळ सोलेनॉइड, डायनामो आणि त्याचं चार्जिंग जोडणारा-तोडणारा कटआउट डब्यात घालून ठेवा.

एका वेळी किती सेकंद सेल्फ मारायचा?

बारावर सहाचा सेल्फ असेल तर पाच सेकंद. मग अर्धा मिनिट थांबा. तीन वेळा झालं तर सेल्फला सोडा आणि पेट्रोल येतंय का, ठिणगी पडतेय का ते बघा. पिनियन पूर्ण थांबल्याशिवाय पुन्हा बटण दाबू नका. फिरत्या पिनियनवर दुसरा झटका दिला की दाते त्याच क्षणी जातात.

इंजिन हाताने फिरवायचं हँडल ठेवावं का?

ठेवा. महिनाभर उभ्या असलेल्या ट्रकला सेल्फ मारण्याआधी हँडलने इंजिनचे चार-पाच फेरे हाताने फिरवून घ्या, ऑइल वर चढतं आणि सेल्फला पहिला जड झटका बसत नाही. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इग्निशन बंद. हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही, आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा वेढायचा नाही.